हात हलत नाही, निर्णय होत नाही: नेमकं अडतं कुठं?

लकवा झाला की घरच्यांचं सगळं लक्ष त्या हातापायाकडे जातं. चोळणं सुरू होतं, शेक दिला जातो, बोटं ओढून पाहिली जातात. पण बहुतेक वेळा त्या हाताच्या स्नायूंना काहीही झालेलं नसतं. त्यांच्यापर्यंत हुकूम पोचत नसतो. मेंदूत हालचालीचा हुकूम निघतो तिथपासून स्नायू आखडतो तिथपर्यंत पाच-सहा टप्पे आहेत. त्यातल्या कुठल्याही टप्प्यावर काम अडलं तरी बाहेरून दिसतं ते एकच, की हात हलत नाही. उपचार मात्र टप्प्यागणिक वेगळा असतो, काही ठिकाणी तर अगदी उलटा. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ "कशामुळे झालं" याच्या आधी "कुठं अडलं" हे शोधतो.

निर्णय घेता न येणं हा याच जातीचा त्रास आहे. वर्तमानपत्रं सरकारला "धोरणलकवा" झाला म्हणतात तो अलंकार झाला. पण माणसाच्या मेंदूत हालचाल सुरू करणारी आणि निवड करणारी यंत्रणा खरोखरच एकमेकींत गुंतलेली आहे. आधी शरीराचं पाहू, कारण तिथं घड्याळ चालू असतं.

हुकमाचा रस्ता

मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांवर कानाच्या बाजूनं टाळूकडे चढत जाणारी एक अरुंद पट्टी आहे. शरीराच्या हालचालींचा नकाशा तिच्यावर मांडलेला असतो. चेहरा खाली, हात मध्ये, पाय वर टाळूजवळ आणि तिथून आतल्या बाजूला वळलेला. इथल्या पेशींचे तंतू खाली उतरताना मेंदूच्या गाभ्यात एका चिंचोळ्या जागेत दाटीवाटीनं एकत्र येतात. त्यामुळे तिथली दीड सेंटिमीटरहून लहान इजाही चेहरा, हात आणि पाय असे तिन्ही एकदम लुळे पाडू शकते, तर वर पृष्ठभागावरच्या त्याहून मोठ्या इजेत कधीकधी फक्त हात जातो. पुढे मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला बहुतेक तंतू बाजू बदलतात. डाव्या मेंदूतला बिघाड उजव्या अंगावर दिसतो तो यामुळे. मग ते मज्जारज्जूतून उतरतात आणि तिथल्या दुसऱ्या पेशीला निरोप देतात. या दुसऱ्या पेशीचा तंतू मणक्यांच्या फटीतून बाहेर पडून थेट स्नायूपर्यंत जातो. पायाच्या बाबतीत तो मीटरभर लांब असू शकतो. शेवटी तंतू आणि स्नायू यांच्यात एक सूक्ष्म फट उरते. ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन ती ओलांडतं आणि स्नायू आखडतो.

पहिली पेशी निकामी झाली तर मज्जारज्जूवरचा मेंदूचा वचक जातो. हातपाय ताठ होत जातात, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय जोरात उडतो, तळव्यावर बाहेरच्या कडेनं ओरखडा काढला की अंगठा खाली वळण्याऐवजी वर जातो. दुसरी पेशी किंवा तिचा तंतू निकामी झाला तर उलट दिसतं: अवयव ढिला पडतो, हातोडीला प्रतिसाद येत नाही, काही आठवड्यांत स्नायू वाळायला लागतो. पोलिओचा विषाणू याच दुसऱ्या पेशी मारतो, म्हणून पोलिओचा पाय ढिला आणि बारीक असतो, ताठ नसतो. इथं एक फसवी गोष्ट आहे. मेंदूचा झटका (रक्तवाहिनी बंद पडून किंवा फुटून येणारा स्ट्रोक) किंवा मज्जारज्जूची इजा ताजी असताना पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, अवयव ढिलाच असतो. ताठरपणा मागाहून येतो. तेव्हा पहिल्या दिवशी हात ढिला आहे म्हणून बिघाड मेंदूत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

चेहऱ्यावरची खूण जास्त भरवशाची आहे. कपाळाच्या स्नायूंना दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून निरोप येतो. त्यामुळे मेंदूच्या झटक्यानं तोंड वाकडं झालं तरी रोगी दोन्ही भुवया उंचावू शकतो, कपाळाला आठ्या पडतात. चेहऱ्याची नसच सुजली असेल (याला बेल्स पाल्सी म्हणतात) तर त्या बाजूचं कपाळही सपाट राहतं आणि डोळा मिटत नाही. पण ही खूण पाहून घरी बसायचं नाही, ती डॉक्टरांच्या कामाची आहे. हात किंवा बोलणंही गेलं असेल तर कपाळाकडे बघत वेळ घालवू नये.

दुसरी मोठी खूण म्हणजे वेग. काही सेकंदांत किंवा मिनिटांत ताकद गेली तर रक्तवाहिनीवर संशय. रात्री ठीक झोपलेला माणूस सकाळी दोन्ही पाय उचलू शकत नाही, शुद्ध आणि बोलणं चोख, तर रक्तातलं पोटॅशियम तपासायचं. दिवसादिवसानं पायाकडून वर चढत जाणारी कमजोरी नसांच्या सुजेची. आठवडे-महिने हळूहळू वाढत गेलेली, तर मणक्यातला दाब किंवा गाठ. आणि सकाळी बरं, संध्याकाळी पापण्या मिटायला लागतात, दोन दोन दिसतात, घास चावताना जबडा थकतो, असं असेल तर बिघाड त्या शेवटच्या फटीत आहे.

झटका: मिनिटांचा हिशेब

मेंदूच्या झटक्यांपैकी सुमारे ८५ टक्के गुठळीनं वाहिनी बंद झाल्यामुळे होतात, बाकीचे वाहिनी फुटून. मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. वाहिनी बंद पडली की मधल्या भागात ते १० च्या खाली जातं आणि तिथल्या पेशी मिनिटांत मरतात. भोवतीच्या भागाला आजूबाजूच्या वाहिन्यांमधून १० ते २० पर्यंत मिळत राहतं. हा भाग जिवंत असतो पण काम करत नाही. सगळी धावपळ असते ती याच्यासाठी. मोठी वाहिनी बंद असेल आणि काहीच केलं नाही तर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी जातात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला.

ओळखायला पाच गोष्टी पुरतात: अचानक गेलेला तोल, अचानक गेलेली किंवा दुहेरी झालेली नजर, वाकडं तोंड, खाली पडणारा हात, अडखळणारं किंवा असंबद्ध बोलणं. हात तपासायची रीत अशी. दोन्ही हात समोर खांद्याच्या उंचीला, तळवे वर, डोळे मिटून दहा सेकंद. एक हात आतल्या बाजूला वळत खाली घसरू लागला तर ती कमजोरी खरी. यातलं एकही लक्षण अचानक आलं की रुग्णवाहिका बोलवायची, आणि शक्य असेल तर जिथं सीटी स्कॅन व गुठळी विरघळवण्याची सोय चोवीस तास आहे अशाच रुग्णालयात जायचं. जवळच्या छोट्या दवाखान्यात आधी "दाखवून" मग पुढे जाण्यात तास-दोन तास जातात, आणि नेमके तेच महागात पडतात.

जाताना एकच माहिती तोंडपाठ ठेवा: रोगी शेवटचा ठणठणीत कधी दिसला. "कधी लक्षात आलं" ही वेळ वेगळी. सकाळी सहाला उठताना हात लुळा असेल आणि रात्री अकराला माणूस नीट बोलून झोपला असेल, तर घड्याळ अकरापासून धरलं जातं. औषधांची पाकिटं सोबत घ्या; रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत विचारतात.

घरी काय करू नये, हे जास्त महत्त्वाचं. ॲस्पिरिन देऊ नका, कारण झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे सीटीशिवाय कुणालाच सांगता येत नाही. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नका. गिळण्याचे स्नायूही लुळे असू शकतात आणि घोट फुप्फुसात जातो. रक्तदाब २०० दिसला म्हणून घाबरून गोळी देऊ नका. तो दाब बऱ्याचदा शरीरानं मुद्दाम चढवलेला असतो, त्या अर्धपोटी भागापर्यंत रक्त ढकलण्यासाठी. दाब एकदम पाडला तर तोही भाग मरतो. घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर मात्र जरूर बघा. साखर फार उतरली तर हुबेहूब अर्धांगवायूसारखं चित्र दिसतं, आणि शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते बहुधा मिनिटांत पुसलं जातं.

रुग्णालयात आधी साधा सीटी होतो. रक्तस्राव त्यात लगेच पांढरा दिसतो. गुठळीचा झटका मात्र पहिल्या काही तासांत सीटीवर दिसेलच असं नाही. "स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे काही नाही" हा समज इथं घात करतो. रक्तस्राव नाही एवढंच त्या स्कॅननं सांगितलेलं असतं आणि गुठळी विरघळवायची वाट मोकळी झालेली असते. ते औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. अल्टेप्लेज असेल तर दर किलो वजनाला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. त्याचा दहावा हिस्सा एकदम, उरलेलं तासाभरात. टेनेक्टेप्लेज असेल तर दर किलोला ०.२५ मिलिग्रॅम, कमाल २५, आणि एकाच टोच्यात संपतं. देण्याआधी रक्तदाब १८५/११० च्या खाली आणावा लागतो, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. हे औषध द्यायचं नसेल तर गुठळीच्या झटक्यात २२०/१२० पर्यंतचा दाब सहसा तसाच राहू देतात. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते. सहा तासांपर्यंत हे सरसकट केलं जातं, आणि मेंदूचा पुरेसा भाग अजून वाचवण्याजोगा आहे असं स्कॅनवर दिसलं तर चोवीस तासांपर्यंतही. ही मुदत २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनंतर वाढली.

दहा मिनिटं हात लुळा पडला आणि आपोआप बरा झाला, तर? लोक हुश्श करतात आणि झोपतात. जुन्या पाहण्यांमध्ये अशा माणसांपैकी दहातल्या एकाला पुढच्या ९० दिवसांत पूर्ण झटका आलेला दिसला, आणि त्यातल्या निम्म्यांना पहिल्या ४८ तासांतच. बरं वाटतंय तोवरच्या त्या दोन दिवसांत औषध सुरू झालं तर धोका पुष्कळ कमी होतो.

झटका नसलेले लकवे

बेल्स पाल्सीत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू करणं आणि न मिटणारा डोळा सांभाळणं, एवढंच बरंचसं काम असतं. दिवसा थेंब, रात्री मलम लावून पापणी पट्टीनं चिकटवायची. बहुतेकांचा चेहरा पूर्ववत होतो. डोळ्याचं बुबुळ कोरडं पडून खरवडलं तर ते मात्र कायमचं.

गिया-बारे नावाच्या आजारात जुलाब किंवा सर्दी-तापानंतर एक-दोन आठवड्यांनी पायांना मुंग्या येतात, मग पाय, मग हात जातात. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच नसांवर उलटलेली असते. यात स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं (दर किलोला दिवसाला ०.४ ग्रॅम, पाच दिवस), किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणं हेच उपाय. खरा धोका पायांपेक्षा श्वासाला. रोग्याला एका श्वासात मोठ्यानं आकडे म्हणायला लावतात. काल तिसापर्यंत जाणारा आज पंधरावर थांबत असेल, तर ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसत असला तरी अतिदक्षता विभागात हलवायची वेळ आलेली असते. ऑक्सिजन उतरतो तो अगदी शेवटी.

पोटॅशियम उतरून आलेल्या लकव्यात एक चूक फार होते. "अशक्तपणा आहे" म्हणून कोणीतरी ग्लुकोजची बाटली लावतं. ग्लुकोजनं इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन उरलंसुरलं पोटॅशियम रक्तातून पेशींत ढकलतं आणि उचलता येत होता तेवढा हातही पडतो. म्हणजे साखर उतरलेल्या रोग्याला जी बाटली तारते तीच याला खाली नेते. हृदयाचा आलेख काढून पोटॅशियम जपून भरलं की हाच रोगी काही तासांत चालत घरी जाण्याइतका सुधारतो.

पाठदुखीबरोबर लघवी तुंबली आणि दोन मांड्यांमधला, बसताना टेकणारा भाग बधिर झाला, तर मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसा चेपल्या जात आहेत. एमआरआय आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया तातडीची. उशीर झाला तर पाय सावरतील पण लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही.

नंतरचे महिने

झटक्यानंतर हालचाल सर्वांत वेगानं परतते ती पहिल्या तीन महिन्यांत. सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो, थांबत नाही. पहिल्या चोवीस तासांत रोग्याला उठवून भरपूर चालवण्याचा प्रयोग २०१५ मध्ये एका मोठ्या चाचणीत तपासला गेला आणि त्यात परिणाम उलट वाईट निघाला. तेव्हा सुरुवातीला थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा.

लुळा हात धरून रोग्याला कधीही ओढू नये. खांद्याचा सांधा स्नायूंनीच जागेवर धरलेला असतो. ते ढिले असताना ओढलं की सांधा निसटतो, आणि मग दुखऱ्या खांद्यामुळे व्यायामच बंद पडतो. उचलायचं तर कंबरेला पट्टा बांधून किंवा खांद्याच्या फऱ्यामागे हात घालून. झोपल्यावर दर दोन तासांनी कूस बदलायची आणि माकडहाड, टाचा, नितंबांच्या बाजू रोज डोळ्यांनी पाहायच्या. बोटानं दाबूनही फिका न पडणारा लाल डाग म्हणजे जखम आत सुरू झालेली आहे.

ताठ झालेल्या हाताला बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. शरीरात पसरलं तर लकवा आणणारं हेच विष, एका स्नायूत मोजून दिलं की त्याचा ताठरपणा साधारण तीन महिने उतरवतं. यानं ताकद येत नाही. त्या तीन महिन्यांत ताण देण्याचे व्यायाम केले नाहीत तर इंजेक्शन वाया गेलं म्हणायचं.

एक गोष्ट विस्तारानं सांगण्यासारखी आहे, कारण पुढच्या विषयाला ती जोडलेली आहे. मेंदू-संशोधक एडवर्ड टाउब यांनी माकडांच्या एका हाताची फक्त संवेदना नेणारी नस कापली. हालचालीची नस शाबूत होती, तरी माकडांनी तो हात वापरणं सोडून दिलं. सुरुवातीला प्रयत्न फसले, चांगल्या हातानं काम भागलं, आणि "हा हात चालत नाही" हे मेंदू शिकून बसला. चांगला हात बांधून ठेवल्यावर माकडं तो दुसरा हात वापरू लागली. यातून माणसांसाठी उपचार निघाला. चांगल्या हाताला जागेपणीच्या ९० टक्के वेळ जाड पंजामोजा (मिटन) घालायचा आणि दोन आठवडे रोज सहा तासांपर्यंत लुळ्या हाताकडून काम करून घ्यायचं. २००६ च्या मोठ्या चाचणीत झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्या रोग्यांना याचा फायदा झाला. अट एक आहे: मनगट निदान २० अंश आणि बोटं १० अंश स्वतःहून मागे वळली पाहिजेत. तेवढीही हालचाल नसेल तर चांगला हात बांधणं म्हणजे नुसता छळ.

रस्ता शाबूत, तरी हालचाल नाही

पार्किन्सनचा (कंपवाताचा) रोगी दारातून जाताना एकदम खिळतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. स्नायू, नसा, मज्जारज्जू सगळं शाबूत आहे. त्याच माणसासमोर जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या तर तो त्या ओलांडत सरळ चालतो. बिघाड आहे तो हालचाल सुरू करून देणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांमध्ये; बाहेरून खूण मिळाली की मेंदू त्यांना वळसा घालून दुसऱ्या वाटेनं जातो. अशा वेळी रोग्याला पुढे ओढलं तर तो पडतो. थांबू द्यायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगायचं, आकडे मोजायचे आणि पहिलं पाऊल मोठं टाकायला लावायचं.

याच्याही वर, मेंदूच्या पुढच्या भागात आतल्या बाजूला इजा झाली तर माणूस हलू शकतो, बोलू शकतो, पण हलावं-बोलावं असं त्याच्या आत काही उठतच नाही. समोर बसून विचारलं तर मिनिटभर गप्प. फोन वाजवून कानाशी धरला तर पट्कन उत्तर देतो. घरचे याला आळस म्हणतात, हट्ट म्हणतात. दोन्ही नाही.

आणखी एक प्रकार असा, की मेंदूत इजा सापडत नाही पण पाय मात्र खरंच चालत नाही. डॉक्टर चार्ल्स हूवर यांनी १९०८ मध्ये याची खूण सांगितली. रोग्याला झोपवून लुळ्या पायाची टाच खाली दाबायला सांगितली तर जोर लागत नाही. पण दुसरा पाय विरोधाला न जुमानता उचलायला सांगितला की त्याच लुळ्या पायाची टाच आपोआप जोरात दाबली जाते. म्हणजे रस्ता उघडा आहे. लक्ष देऊन हुकूम दिला की अडतो, न देता दिला की पोचतो. हे ढोंग नव्हे. रोग्याला ही चाचणी समोर करून दाखवणं हा आता उपचाराचाच पहिला भाग मानतात.

निर्णयाचा ब्रेक

मेंदूच्या तळाशी, हालचालीला हिरवा कंदील देणाऱ्या केंद्रांमध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा एक छोटा पुंजका आहे. दोन पर्याय तुल्यबळ असले की तो सगळ्यावर ब्रेक दाबतो: थांब, अजून बघू. पार्किन्सनसाठी काही रोग्यांच्या याच पुंजक्यात तारा बसवून विजेचे सूक्ष्म झटके देतात. २००७ मध्ये अशा रोग्यांना चाचणीत अवघड निवडी दिल्या. यंत्र चालू असताना, जिथं थबकायला हवं तिथं ते थबकलेच नाहीत, उलट घाईनं निवडून मोकळे झाले. तेव्हा अडकून पडणं हा निव्वळ स्वभावदोष मानता येत नाही. ब्रेक मुळात उपयोगाचाच आहे. त्रास होतो तो लागलेला ब्रेक सुटेनासा झाल्यावर.

तो सुटतो कशानं? अधिक विचारानं सुटतो असं आपण धरून चालतो. मेंदूविकारतज्ज्ञ अँटोनियो डमासिओ यांनी कपाळामागच्या भागाला इजा झालेल्या एका रोग्याबद्दल लिहिलं आहे. त्याला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या, एकमेकींपासून थोड्याच दिवसांच्या अंतरावर. तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदे-तोटे सांगत बसला: इतर कामं, हवामान, सगळं. तर्क बिनचूक होता, पण एकाही तारखेकडे मन झुकेना. शेवटी "दुसऱ्या तारखेला या" म्हटल्यावर तो "ठीक आहे" म्हणून उठला. तोलणं हा निर्णयाचा एक टप्पा झाला. "पुरे, हे धरलं" म्हणणारी भावना हा वेगळा टप्पा, आणि तोलण्याचं वजन वाढवून तो भरून निघत नाही.

पर्याय जास्त झाले की माणूस अडतो, हे वाक्य तुम्ही जॅमच्या प्रयोगासकट वाचलं असेल. २००० सालच्या त्या प्रयोगात दुकानात जॅमचे २४ प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी खरेदी केली, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. पण २०१० मध्ये असे पन्नास प्रयोग एकत्र तपासले तेव्हा सरासरी परिणाम शून्याजवळ निघाला. संख्या एकटी माणसाला अडवत नाही. आपल्याला काय हवं हे आधी ठरलेलं नसेल, पर्यायांची तुलना किचकट असेल, वेळ कमी असेल, तेव्हा ती अडवते. माझ्या मते उपायाची सुरुवात इथूनच व्हावी: पर्याय बघण्याआधी दोन किंवा तीन अटी कागदावर लिहा, त्यात न बसणारं तपासूसुद्धा नका, आणि सगळ्या अटी पुऱ्या करणारा पहिला पर्याय घ्या. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्येच मांडलेली ही रीत आहे. सर्वांत उत्तम शोधणाऱ्यांना ती आळशी वाटते.

पर्यायांची चढाओढ दोघांतच असली तरी पुरते. १९९५ मध्ये डॉक्टरांना संधिवाताच्या एका रोग्याची माहिती दिली. त्याला शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाकडे पाठवायचं ठरलं होतं, पण एक औषध वापरायचं राहिलं होतं असं कळल्यावर ५३ टक्के डॉक्टर म्हणाले, औषध न देताच पाठवा. राहिलेली औषधं दोन आहेत असं सांगितलेल्या गटात हे प्रमाण ७२ टक्के झालं. एक औषध देण्यासारखं वाटत होतं, पण दोहोंतलं कुठलं हे ठरेना म्हणून एकही दिलं गेलं नाही.

तेव्हा इथंही आधी जागा शोधायची. एक साधी चाचणी आहे. कल्पना करा, उद्या कोणी परस्पर ठरवून टाकलं आणि तुम्हाला नुसतं कळवलं. "बरं झालं, सुटलो" वाटलं तर पर्याय तुमच्या दृष्टीनं सारखेच आहेत. माहिती गोळा करणं तिथल्या तिथं थांबवा आणि नाणं उडवा. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी अशा हजारो लोकांकडून संकेतस्थळावर नाणी उडवून घेतली. मोठ्या निर्णयांत नाण्याच्या सांगण्यावरून बदल करणारे सहा महिन्यांनी जास्त समाधानी निघाले. कळवलेला निर्णय ऐकून "अरे, हे नको होतं" असं झालं, तर तुम्हाला काय हवं ते माहीत आहे. अडतंय ते जबाबदारीच्या किंवा दोष येण्याच्या भीतीपाशी. तिथं "काही न करणं" हाही एक पर्याय म्हणून कागदावर लिहा आणि सहा महिन्यांत त्याची किंमत काय होईल ते समोर मांडा. काही केल्यामुळे झालेलं नुकसान माणसाला न केल्यामुळे झालेल्या तेवढ्याच नुकसानापेक्षा जास्त बोचतं, आणि न करण्याचं नुकसान लिहिल्याशिवाय दिसत नाही. समित्यांमध्ये हीच जागा अडते. ठरावाखाली एका माणसाचं नाव आणि तारीख नसेल तर तो पुढच्या बैठकीत पुन्हा येतो.

ठरलंय पण होत नाही, ही जागा आणखी वेगळी, पार्किन्सनच्या रोग्याच्या पहिल्या पावलासारखी. तिथं संकल्प उपयोगी पडत नाही, बाहेरची खूण पडते. "व्यायाम करीन" याऐवजी "सकाळी दात घासून झाले की लगेच बूट घालीन". मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासलेल्या या "असं झालं की असं करीन" पद्धतीचा ९४ चाचण्यांचा आढावा २००६ मध्ये आला, आणि परिणाम मध्यम ते मोठा निघाला. पहिली कृती दोन मिनिटांत संपणारी हवी आणि खूण रोज नक्की घडणारी.

आणि जो माणूस पूर्वी पटकन ठरवायचा तो गेले काही आठवडे शर्ट कुठला घालायचा यावरही अडतो, झोप बिघडली आहे, कशातच रस नाही, तर वरच्या युक्त्या बाजूला ठेवा. निर्णय न होणं हे नैराश्याच्या निदानातलं नोंदलेलं लक्षण आहे. मेंदूचा झटका येऊन गेलेल्यांपैकी सुमारे तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि फिजिओथेरपीला टाळाटाळ हे त्याचं घरात दिसणारं पहिलं रूप असू शकतं. उपचार सुरू होऊन फरक पडेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर नोकरी सोडणं, घर विकणं यांसारखे मागे न फिरवता येणारे निर्णय पुढे ढकलायचे, आणि रोजच्या बारीक निवडी घरातल्या दुसऱ्या कोणी सरळ आपल्याकडे घ्यायच्या.